रूथताई आणि पाण्याचा नकाशा

रूथताईचे हात आधी गेले. मग आवाज.

आज सकाळी रूथताई गेली.

नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही गावांच्या पाणी योजनांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतो. टाक्या, व्हॉल्व्ह, पाईपांचं जाळं. मी नवीन लागले तेव्हा शिकवलं ते ताईनंच.

"टाकीवर क्लिक कर. आता ओढ. बघ, जोडलेले पाईप मागोमाग येतात की नाही?"

आले! मी वेड्यासारखी टाकी स्क्रीनभर फिरवत बसले.

"अगं, गाव तहानलंय आणि तू खेळतेस काय!" असं म्हणून स्वतःच हसत सुटली.

कर्जतकडच्या एका वस्तीवर पाणी चढत नव्हतं. ताईनं स्क्रीनवर एक पाईप तोडला, दुसरीकडून जोडला, पुन्हा तोडला. जेवणाचा डबा तसाच राहिला.

त्या नकाशाप्रमाणे गावात काम झाल्यावर तिथल्या सरपंचबाईंचा फोन आला. "मॅडम, पानी आलं वो! लई बेस झालं!"

ताई नुसती लाजली.

मग तिच्या हातातून माउस निसटायला लागला.

आम्हाला वाटलं, थकवा असेल. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात. थांबवता येणार नाही.

काम तिनं सोडलं नाही. मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी जायचे. ती सांगायची, मी माउस हलवायचे.

"डावीकडं... अजून... हां, जोड."

बोलणं गेल्यावर डोळ्यांनी. कर्सर बरोबर जागी आला की ती डोळे मिटायची.

परवा तिला नकाशात काहीतरी बदलायचं होतं. नजर स्क्रीनवरून हलेना.

"हा व्हॉल्व्ह का, ताई? मग हा पाईप? ही टाकी?"

एकेका रेषेवर कर्सर नेला. डोळे मिटलेच नाहीत. नुसते भरून आले.

दाजी तिचं तोंड पुसत म्हणाले, "राहू दे गं आता. दमली ती."

मी लॅपटॉप बंद केला. दुसरं काय करणार होते?

काय चुकलं होतं त्या नकाशात? की काहीच चुकलं नव्हतं, तिला फक्त एकदा स्वतःच्या हातानं काहीतरी ओढून बघायचं होतं?

दुपारपासून ती फाईल उघडून बसलेय. एक रेघ हलवायची हिंमत होत नाहीये.

नाही कळलं गं मला, ताई.

जा आता. प्रभूजवळ शांत विसाव.