शोकेसमधला डबा

घरोघरी इंटरनेट जोडून देणाऱ्या त्या वायरमनला सगळी गल्ली ‘तोंडाळ’ म्हणायची, आणि उगाच म्हणत नव्हती. पंधरा वर्षं लोकांच्या अकलेचे वाभाडे काढणं हाच त्याचा खरा धंदा होता. आज पाळी निवृत्त हेडमास्तरांची होती.

“पाचशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, मिळतात जेमतेम नव्वद! लूट आहे नुसती!” हेडमास्तर गरजले.

तोंडाळने शोकेसमधल्या बाहुल्यांमागून राउटर ओढून काढला. बारा वर्षं जुना, वर लोकरीचं विणलेलं झाकण.

“सर, याच्या सॉकेटमधून शंभरच्या वर स्पीड जातच नाही. हजाराचा प्लॅन घ्या, नाहीतर अख्खी कंपनी विकत घ्या, हा डबा शंभरच देणार. त्यात तुम्ही त्याला स्वेटर घातलाय! तापून अर्धमेला झालाय. आणि तुम्ही म्हणे गणित शिकवायचात?”

हेडमास्तरांनी लगेच नवा राउटर बसवून घेतला. स्पीड साडेचारशेवर गेला. “हा कचरा मी टाकतो,” म्हणत तोंडाळने जुना डबा झाकणासकट पिशवीत कोंबला.

संध्याकाळी घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच बायको कडाडली, “पोरीचा ऑनलाइन क्लास आज पुन्हा अडकला! आपला तो राउटर बदला आता.”

“आणलाय की!” तोंडाळने ऐटीत पिशवी उघडली.

बायकोने लोकरीचं झाकण दोन बोटांनी उचलून पाहिलं. “म्हणजे लोकांच्या घरात असतो तो कचरा, आणि आपल्या घरात आला की राउटर?”