यजमानांनी स्वतः ओतू नये

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असं की माझी वाण्याची यादी घरातल्यांना मलाच विचारून वाचावी लागते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात ते मी वाचते, आणि त्यातली सगळी माणसं फार चांगली असतात. माझे यजमानही चांगलेच होते. तरी मी त्यांच्यावर रागावलेली आहे. दोन महिने झाले, राग जात नाही... म्हणून लिहिते.

ते गेले तेव्हा घरात नव्हते. दुबईत अल मनखूलला आमच्या इमारतीखाली अर्ज-पत्रं टाइप करून देणारं एक टायपिंग सेंटर आहे, तिथे विमा कंपनीला चौथं पत्र छापून घ्यायला गेले होते. मी डाळ शिजत ठेवली होती. टायपिंगवाल्याने आमच्या मुलाला, निनादला फोन केला, निनादने ऑफिसातून मला केला, आणि मी चपला न घालता खाली पोचले तेव्हा ते खुर्चीतच होते, मान एका बाजूला. टायपिंगवाल्याने नंतर पत्र घरी आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यात तेच वाक्य चौथ्यांदा होतं, निनादने मला मराठीत सांगितलं. 'पाहुण्यांना दोन ग्लास मी स्वतः, आग्रहाने दिले. आग्रह करणे ही आमची पद्धत आहे.' त्या एका वाक्यासाठी आमचे अठ्ठेचाळीस हजार दिरहम अडकले होते, आणि ते वाक्य बदलायला हा माणूस मरेपर्यंत तयार झाला नाही.

एकतीस वर्षं ते अबू धाबीकडे रुवैसला रिफायनरीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना सगळ्या जुन्या मंडळींना एकदा जेवायला घालायचं होतं, तेही खाडीतल्या लाकडी बोटीवर. जेवण आम्ही आणायचं, बार बोटवाल्यांचा. बोटीचा मॅनेजर म्हणाला, "हबीबी, विम्याचा कागद नाही तर बार नाही." हे घरी येऊन हसत सुटले. "अगं, दारूचा विमा काढायचाय!" मला वाटलं, बाटल्या फुटल्या तर भरपाई मिळत असेल. निनादने समजावलं की तसं नाही, पाहुणा पिऊन पडला, कोणाला लागलं, तर खर्च पार्टी देणाऱ्यावर येतो, तो कंपनी देते. मग त्याने अटी वाचून दाखवल्या. दारू फक्त परवाना असलेल्या बारवाल्यानेच द्यायची, होस्टने स्वतः ओतायची नाही. मी विचारलं, "होस्ट म्हणजे?" तो म्हणाला, "यजमान." मी म्हटलं, "म्हणजे हेच की!" त्यावर तिघंही खूप हसलो. पुढे आठवडाभर मी पाणी मागितलं की हे म्हणायचे, "यजमानांनी स्वतः ओतू नये."

बोटीवर चाळीस माणसं होती. बायकामुलांसाठी मी कोकम सरबत केलं होतं, मोठा डबा भरून. ह्यांचे रुवैसचे सोबती दत्ताभाऊ, मालवणचे, आजारपणानंतर दारू सोडतो म्हणून मुलीची शपथ घेतलेले, ते बोटीच्या वरच्या मजल्यावर बारजवळ उभे होते आणि त्यांच्या सौ., सुलभावहिनी, खाली माझ्याजवळ बसून पुरणपोळीची कृती सांगत होत्या. थोड्या वेळाने हे धापा टाकत खाली आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ताला बारवाल्याने नाही म्हटलंय. आता बस म्हणाला. हा तिथे तमाशा करतोय. एक रिकामी बाटली आहे, त्यात कोकम भरून दे." मी पदराआड भरून दिलं. त्यांच्या मागून जिन्यापर्यंत गेले. दत्ताभाऊ ओरडत होते, "एकतीस वर्षं तुझ्याबरोबर घालवली श्रीधर, आणि तुझ्या पार्टीत मला नाही?" ह्यांनी ग्लास भरला. "घे रे, माझ्या हातची घे." दत्ताभाऊंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कसली रे ही? आंबट लागते."

"फ्रान्सची आहे. पी गप."

दुसरा ग्लासही ह्यांनीच आग्रह करून पाजला. कोणीतरी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. बोट धक्क्याला लागली, उतरताना फळीवर दत्ताभाऊंचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्याचं बिल ह्यांनी लगेच भरलं, निवृत्तीच्या पैशांतून. रत्नागिरीच्या घराचा शेवटचा हप्ता त्यातूनच जायचा होता. म्हणाले, विमा आहे, महिन्याभरात परत येतील, इन्शाल्ला. कंपनीने व्हिडिओ बघितला, ह्यांनी भरून दिलेला फॉर्म बघितला आणि नाही म्हटलं. यजमानांनी स्वतः ओतली होती.

मी ह्यांना म्हटलं, कोकम होतं ते लिहा ना. तर म्हणाले, "मग ते विचारतील, कोकम पिऊन माणूस पडला कसा? बारवर आधी पाच घेतले होते ते निघेल. वहिनी त्याला घरात घेणार नाहीत." मी म्हटलं, "म्हणून तुम्ही खोटं लिहायचं?" त्यावर ह्यांचं उत्तर अजून कानात आहे. "खोटं कुठे लिहिलं? दोन ग्लास दिले, आग्रहाने दिले. ग्लासात काय होतं ते त्यांनी विचारलंच नाही." मग मला दम दिला, तू यात बोलायचं नाही. मी तशीही कुठे बोलते... जुमेरा लेक टॉवर्सला कंपनीचं ऑफिस होतं, तिथे दोनदा मी त्यांच्याबरोबर गेले आणि पर्स मांडीवर धरून बसून राहिले. तिथली मुलगी बिचारी चांगली होती. म्हणायची, "अंकल, आपने खुद लिखा है, हम क्या करें?" पाच महिने असे गेले. ते रात्री जेवताना अटींचा कागद पुढे घेऊन बसायचे, आणि भात गार व्हायचा. मला ओरडावंसं वाटायचं. ओरडले नाही.

ते गेल्यावर तेराव्या दिवशी दत्ताभाऊ आणि वहिनी रुवैसहून आले. वहिनी माझा हात धरून रडल्या, मनापासून रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी देवमाणूस हो. पण त्या दिवशी एवढा आग्रह नसता केला, तर ह्यांनी शपथ मोडली नसती, हाड मोडलं नसतं." मी तेवढ्यात चहाचा ट्रे उचलला होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, ते कोकम होतं. मीच भरून दिलं होतं."

दत्ताभाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून फरशीकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, श्रीधरची बायको भ्रमिष्ट झाली. पण ते म्हणाले, "मला कळलं होतं. दुसऱ्या घोटालाच. मालवणच्या माणसाला कोकम कळणार नाही?"

"मग पाच महिने..." मी म्हटलं.

"श्रीधर म्हणाला, तू गप्प राहा, मी बघतो. मी राहिलो."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. आणि आम्ही दोघी बायका, एक न बोलणारी आणि एक काही माहीत नसलेली. वहिनींनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "बारवर किती?" ते म्हणाले, "पाच." वहिनी माझ्याकडे वळल्या. "त्यांचं ऑफिस उद्या किती वाजता उघडतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. दत्ताभाऊंनी लिहून दिलं, सही केली. बोटवाल्यांच्या बिलात त्यांच्या नावावर पाच पेग होतेच, आणि पुढे बारवाल्याने नाही म्हटल्याची नोंदही होती. ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, आपको पक्का पता है बॉटल में क्या था?" निनाद माझ्यासाठी उत्तर द्यायला लागला, मी त्याला थांबवलं. "उसमें दारू नहीं था. कोकम था. मैंने भरा था, मैंने बनाया था. चीनी कितना डाला वो भी बताती." ती हसली आणि लिहून घेतलं. परतताना लिफ्टमध्ये मला हुंदका आला. एवढंच तर बोलायचं होतं. एवढं वाक्य मी पाच महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीत बसून बोलले असते तर ते खाली टायपिंग सेंटरमध्ये कशाला गेले असते? मित्राची लाज राखायला ते मोठे झाले, आणि मी आज्ञाधारक झाले. दोघांपैकी जास्त राग कोणाचा येतो, ते मला ठरवता येत नाही.

वहिनींनी दत्ताभाऊंना घराबाहेर काढलं नाही. पंधरा दिवस अबोला धरला, आता रोज स्वतः हात धरून चालायला नेतात. एवढ्याचीच ह्यांना भीती होती.

काल दुपारी निनादने फोन माझ्यासमोर धरला, बँकेचा मेसेज होता. "फुल अमाउंट, आई. खलास." कोणताही आकडा आला की हे लगेच त्याचे रुपये करून मोठ्याने सांगायचे, भाजीच्या जुडीचेसुद्धा. काल ते कोणी केलं नाही. अठ्ठेचाळीस हजार दिरहम पूर्ण परत आले, एकही कमी नाही.