सोनेरी दोर

पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांवरच्या पाट्या तेलुगूत होतात, पण माणसं मराठीतच बोलत राहतात. पांढरकवड्याहून सकाळी निघालो तेव्हा दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेतात कापूस फुटलेला, हवा गार, आणि खिडकीजवळची जागा मी एका लग्नाच्या वऱ्हाडाशी भांडून मिळवलेली. त्यामुळे मन प्रसन्न होतं.

निघालो होतो निर्मलला. माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. चौदाव्या वर्षी काच कापायला लागलो, दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. निर्मलची लाकडी खेळणी आणि काळ्या जमिनीवर सोनेरी रेघांनी काढलेली चित्रं लग्नसराईत चांगली खपतात. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका चित्रप्रदर्शनासाठी मी चाळीस चौकटी करून दिल्या. उद्घाटनाच्या दिवशी एका चित्राबद्दल बोलायला गेलो, तर तिथला साहेब चारचौघांत म्हणाला, "तुम्ही काच नीट बसवा, चित्राचं आम्ही बघू." तेव्हापासून मी असं एक चित्र शोधत होतो, जे माझ्या दुकानाच्या दर्शनी भागात टांगलं की त्या साहेबालाही गाडी थांबवावी लागेल.

आदिलाबादला बस बदलली. मावल्याचा तलाव मागे पडला आणि इचोड्याला टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास. म्हणजे दीड तास, हे ओळखून मी ढाब्यावर शिरलो. ज्वारीची भाकरी आणि पुंटीकुरा (अंबाडीची भाजी) असं जेवण मिळालं. भाजी इतकी आंबट-तिखट की डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा ट्रक ड्रायव्हर हसून म्हणाला की पहिल्यांदा खाणारा रडतोच.

पुढे घाटाच्या तोंडाशी सीताफळवाली बस अडवून उभी होती. मी टोपलीचा भाव निम्म्यावर आणला. ती मान हलवत "वद्दू, वद्दू" (नको, नको) म्हणत राहिली आणि शेवटी तयार झाली. बस सुटल्यावर पाहिलं, वरच्या थराखालची सगळी फळं दगडासारखी कच्ची. गाडीतले लोक मनसोक्त हसले. मीही हसलो, थोडं उशिरा.

निर्मलमध्ये राजय्याचं घर मला माहीत होतं. साठीचा, बुटका, सतत पान खाणारा चित्रकार. त्याच्या घरात कामाची वाटणी ठरलेली. राजय्या खाक्यावरून (भोकं पाडलेल्या कागदी साच्यावरून) कोळशाची पूड दाबून आकृती उतरवतो, रंग भरतो, आणि शेवटची सोनेरी रेघ त्याची बायको लक्ष्मम्मा मारते. झाडाचं पान असो की हरणाचं शिंग, शेवटचा हात सोन्याचा. त्याशिवाय चित्र घराबाहेर जात नाही.

मी मोर, हरणं निवडत होतो, तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक मोठी फळी दिसली. फिरवली आणि तिथेच खाली बसलो.

काळ्या जमिनीवर एक प्रचंड वड होता. पारंब्या, पानं, सगळं झळाळत होतं. आणि फांद्यांना माणसं लटकलेली. ओळीने, मागे, त्याच्याही मागे. सगळ्यांचे चेहरे सारखे, कारण साचा एकच.

हा वड निर्मलच्या बाहेर खरोखर होता. लोक त्याला वेय्यी उरुला मर्री (हजार फासांचा वड) म्हणत. एकोणिसाव्या शतकात इथल्या संस्थानाच्या आणि गोऱ्यांच्या फौजांशी लढलेल्या गोंडांना आणि त्यांच्या साथीदारांना तिथे फासावर दिलं, असं इथे लहान मूलही सांगतं.

मी किंमत विचारली. राजय्या म्हणाला, हे विकायचं नाही. इचोड्याहून आत एका गोंड गुड्यावरच्या (पाड्यावरच्या) जंगू पटेलांनी ते गावासाठी करायला सांगितलं आहे, आणि पटेल आजच न्यायला येणार आहेत. पसंत पडलं तर त्यांचं, नाहीतर तुमचं. राजय्याने त्यावर चार महिने घातले होते. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, पटेलांना ते पसंत पडू नये.

जंगू पटेल दुपारी आले. उंच, पांढरा फेटा, हातात काठी. ते बसलेही नाहीत. बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि मग हळूच विचारलं, "राजय्या, दोर काऊन चमकून राह्यला?"

राजय्याने पान थुंकून यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन घेतलं. लक्ष्मम्माने हातातला कुंचला खाली ठेवला. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट पाहिलं. सवयीने तिने शेवटचा हात सगळीकडे फिरवला होता. पानांवर, पारंब्यांवर, आणि प्रत्येक फासावरही. सगळ्यात जास्त झळकत होते ते फासच.

"सोनं आमी देवाले वाहतो," पटेल म्हणाले. "आमचे मानसं ज्यानं मारले, त्या दोराले सोनं? हे मी गुड्यावर कसं नेऊ?"

राजय्या आत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. मी मात्र संधी साधली. म्हटलं, पटेलांना नको असेल तर मी आहे तसं घेतो. पटेलांनी माझ्याकडे वळून विचारलं की मी ते कुठे लावणार. दुकानात, असं सांगितल्यावर म्हणाले, "तुमी टांगसान, लोकं पाहतीन. एकडाव तिकडं टांगले, आता तुमी अजून टांगसान."

माझं डोकं फिरलं. एवढं सुंदर काम, चार महिन्यांची मेहनत, आणि हा माणूस घेतही नाही आणि घेऊही देत नाही. मी आवाज चढवून म्हणालो, "मग दोर पुसून टाका ना. दोरच नको असेल तर दोर काढा आणि मोकळे व्हा."

मग लक्ष्मम्माने काळ्या रंगाची वाटी ओढली, बारीक कुंचला बुडवला आणि पहिला दोर जमिनीच्या काळ्यात मिसळून टाकला. मग दुसरा. आम्ही तिघे पुरुष भिंतीला टेकून पाहत राहिलो. जसजसे दोर जाऊ लागले तसतशी ती माणसं बदलू लागली. खाली झुकलेली पावलं आता नाचणाऱ्याची वाटत होती, दिवाळीत गोंड लोक दंडारी नाचतात तशी. झाड तेच, माणसं तीच. पण ती झाडावरून उतरत होती.

मी काय करून बसलो ते तेव्हा लक्षात आलं. चित्र माझ्याच तोंडाने माझ्या हातातून गेलं होतं. तरी शेवटचा डाव टाकून पाहिला. विचारलं, आता यांना फासावर दिलं होतं हे कोणाला कळणार?

"आमाले कोनी सांगा लागत नाही, सेठ," पटेल म्हणाले. मग लक्ष्मम्माकडे वळले. "बाई, आता त्यायले पाय टेकाले जमीन दे."

तिने सोनेरी रंग घेतला आणि सगळ्यांच्या पावलांखालून एक लांब रेघ ओढली. पटेल तेव्हा कुठे खाली बसले आणि पाणी मागितलं.

रंग सकाळपर्यंत पुरता सुकणार नव्हता. फळी उभी नेली असती तर पुसला गेला असता. फळी धरायची कशी हे माझ्याइतकं तिथे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ती ताटासारखी आडवी धरून पटेलांबरोबर बसमध्ये चढलो. कंडक्टर सामानाचं तिकीट मागू लागला, मी घाट संपेपर्यंत त्याच्याशी हुज्जत घातली. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "अहो, द्या सोडून, एवढी मानसं घेऊन चालले, त्यायचंबी तिकीट मागता काय?" शेवटी कंडक्टरच हसला. उन्हाची तिरीप फळीवर आली तेव्हा मला दिसलं, काळ्याखाली दोरांचे उंचवटे राहिले होते. सुकलेल्या एका टोकावर बोट फिरवून पाहिलं. दोर दिसत नव्हता, पण हाताला लागत होता. मी पटेलांना दाखवलं. त्यांनीही बोट फिरवलं आणि मान डोलावली.

इचोड्याहून आत दोन कोस चालत गेलो. गुड्यावर गाव जमतं त्या मोठ्या घराच्या भिंतीला चित्र लावलं. चौकट मी तिथेच सागाच्या पट्ट्यांची ठोकून दिली, काच लावली नाही. परधान (गोंडांच्या पूर्वजांची गाणी गाणारा) किकरी (सारंगीसारखं वाद्य) घेऊन बसला. त्या माणसांची शेवटची क्रिया कधी झालीच नव्हती, म्हणून बायकांनी पळसाच्या पानांवर भात वाढून चित्रासमोर ओळीने ठेवला.

मग एक म्हातारी पुढे आली. डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा आमचा."

दुसरी लगेच उठली. तिसरा तिच्या घरचा होता म्हणे, पहिलीने आपला वेगळा शोधावा. पहिली ऐकेना. नाक तिच्या सासऱ्यासारखं आहे, असं तिने सगळ्यांना बजावून सांगितलं. चेहरे एकाच साच्यातले आहेत हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात असं क्वचितच घडलं आहे. पटेल हसत म्हणाले, "राहू द्या न माय, दोघीचाबी हाय तो." तेवढ्यात तिसरीने मागच्या रांगेतला एक निवडला. मग सगळीकडे एकच गलका झाला.

संध्याकाळच्या बसने निर्मलहून घेतलेले मोर आणि हरणं घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी ती दर्शनी भागात टांगली. दिवसभर गिऱ्हाइकं आली, थांबली, छान आहे म्हणाली. त्या वडाखालची माणसं इथे असती तर त्यांच्याबद्दलही लोक हेच म्हणाले असते. गुड्यावर चित्र छान आहे असं एकानेही म्हटलं नव्हतं. तिथे ती माणसं आपल्या घरी न्यायला बायका भांडल्या होत्या.