लाली गेली, डोळा गेला

कसबा बावड्याच्या शिवारात शेवंताबाईचा आवाज ज्याला ठाऊक नाही, तो माणूस बहिराच असला पाहिजे. उसाचा पाला काढायला बायकांची टोळी फडात शिरली की आत कोण कुठं आहे ते दिसायचं नाही, पण शेवंताबाई कुठं आहे ते बांधावरून कळायचं. पाण्याची घागर लांब ठेवली म्हणून भांडायची, जेवायची सुट्टी लवकर संपवली म्हणून भांडायची. "गप बसायला मी मुकी हाय व्हय?" हे तिचं ठरलेलं.

१९९७ साली दिवाळी सरल्यावर पाला काढताना एक पात सपकन तिच्या उजव्या डोळ्यावर बसली. उसाची पात म्हणजे करवतच. पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर मारून तिनं डोळा शेकला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, पाणी थांबेना.

फडाच्या मालकीण बनाबाई. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाई मनानं वाईट नव्हती, हीच तर खरी पंचाईत. त्यांनी आपल्या उरलेल्या ड्रॉपची बाटली आणून शेवंताबाईच्या हातावर ठेवली. "माझा डोळा बी असाच लाल हुता बघ. चार दिसात लाली गेली. घाल की, पडूनच हाय." या गल्ल्यांतून औषधाची बाटली विरजणासारखी घरोघर फिरते. उरलेलं टाकायचं कुणाच्या जिवावर येतं?

आणि लाली खरंच उतरली. शेवंताबाईची लेक दीक्षा दहावीत होती. ती म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरला दाखव." शेवंताबाईनं तिलाच झापलं. "लाली गेली की. दिसत न्हाय व्हय तुला?" पाचव्या सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका होता, त्याच्या खाली पुवाची बारीक रेघ, आणि समोर उभी असलेली दीक्षा तिला त्या डोळ्यानं दिसत नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या जंतूंना खातात. तुमचा डोळा लाल झाला होता तो त्या पेशींना जखमेकडं यायला वाट करून द्यायला. या औषधानं त्यांनाच अडवलं. ऑपरेशननंतर हे औषध बरोबर, तिथं नुसती सूज उतरवायची असते. तुमच्या बुबुळात पातीबरोबर जंतू शिरले होते. त्यांना रान मोकळं झालं."

"मग ह्यो पू कशाचा?"

"त्याच पेशी. उशिरा आल्यात, आणि आता जंतूंशी लढताना बुबुळही पोखरतायत."

शेवंताबाई ऐकत राहिली आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. चोर सोडून संन्याशाला सुळी. जन्मभर हिला लोक गप बस म्हणत आले, ही कधी बसली नाही. आणि डोळा एवढा बोंबलत होता, तर त्याला तिनं आपल्या हातानं, दिवसातून चार वेळा, गप बसवलं होतं. राग काढायचा कुणावर? ज्या बाईनं मायेनं दिलं तिच्यावर?

तासातासाला औषध घालून अकरा दिवसांनी जंतू मेले. बुबुळावर पांढरा डाग राहिला. लोक त्याला फूल पडलं म्हणतात. असल्या घाणीला फूल म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नसावं. त्या डोळ्याला आता नुसता उजेड कळायचा.

दवाखान्यातून सुटल्यावर ती घरी गेली नाही, तडक बनाबाईंच्या दारात गेली. "आक्का, ती बाटली कुठाय? दीक्षासंगं परत धाडलीती मी. वापरू नगासा म्हणून सांगितलंतं."

"तुझं नशीब खोटं, औषधाचा काय दोष?" बनाबाई म्हणाल्या. "केरबाला दिली. त्याला बी काल पात लागली."

केरबा त्यांचा जुना गडी, पन्नाशीचा. शेवंताबाई फडात घुसली. बांधावर बसून तो मान वर करून ड्रॉप घालत होता. "शेवंताक्का, बेस औषध हाय," तो म्हणाला. तिनं बाटली हिसकली, सरीत पालथी केली आणि त्याचं मनगट धरून त्याला एसटीच्या थांब्यावर ओढत नेलं. सगळ्या वाटेनं ती त्याला शिव्या घालत होती आणि तो कशाबद्दल ते विचारत होता.

केरबाचा डोळा वाचला. बनाबाई हळदीचं दूध घेऊन शेवंताबाईच्या घरी आल्या, डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "शेवंता, लई पुण्य लागलं बघ तुला."

"पुण्य घाला चुलीत, आक्का," शेवंताबाई म्हणाली. "माझा डोळा द्या."