तात्यासोंचं विमान आणि वेगाचा काटा

वारणानगरच्या रस्त्यावर तात्यासोंचा दुधाच्या टाक्या बनवायचा कारखाना आहे. मूळचे ते कुरुंदवाडचे. शेती भावांकडे सोपवून कोडोलीला आले, वेल्डिंगचं दुकान टाकलं, आणि त्याचाच पुढं कारखाना झाला. त्यांच्या टाकीचा जोड आजवर कधी गळलेला नाही. हे सांगायला दुसरं कुणी लागत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि टाकीच्या आत उभं राहून बोलले तरी रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

साठी उलटल्यावर त्यांनी दोन माणसांचं एक छोटं विमान सुट्या भागांत मागवलं. सगळं गाव हसलं. तात्यासो म्हणाले, "टाकी बी पत्र्याचीच आन् हे बी पत्र्याचंच. जोडायला काय लागतंय?"

माझी मुलगी संयोगिता विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं शिकली आहे. बंगळूरची नोकरी सोडून ती घरी आली तेव्हा मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. तात्यासोंनी तिला कामावर घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला. विमानात बसणाऱ्यांच्या समोर कुठली यंत्रं लावायची ते ठरवणं आणि ती बसवणं हे तिचं काम. ती स्वतः उडणार नव्हती, मला तेवढं पुरेसं होतं.

एकदा तिचा डबा द्यायला गेले तेव्हा दोघांचं जोरात चाललं होतं. यंत्रं बसवायच्या पॅनेलचा पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर उभा होता आणि तात्यासो त्यावर पेन्सिलीनं गोल काढत होते.

"मला काटं पायजेत. वेगाला काटा, उंचीला काटा, तेलाला काटा. माझ्या बुलेटला काटा हाय, म्हणून ती काय म्हणत्या ते मला कळतंय."

"तात्या, सहा काटे बघत बसलं तर बाहेर कोण बघणार? एका स्क्रीनवर वेग, उंची, दिशा, इंजिन, सगळं दिसतंय की. वजन पण कमी."

"आन् स्क्रीन गेली तर?"

"म्हणूनच शेजारी वेगाचा एक काटा ठेवू. त्याला नळी मात्र वेगळी द्यायची."

पंखाखाली बोटाएवढी नळी असते. समोरून येणारा वारा तिच्या तोंडात शिरतो आणि त्याच्या दाबावरून वेग कळतो. संयोगिताचं म्हणणं, एक नळी बंद पडली तर दुसरी असावी.

"दुसरी नळी? आता विमानाला किती नाकं काढतीस?" तात्यासो म्हणाले. कामगार हसले. मीही हसले. शेवटी दुसरी नळी नको म्हणून काटा आणि नळी दोन्ही रद्द झाली. "घे तुझा टीव्ही," म्हणून त्यांनी स्क्रीनला होकार दिला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, काटा गेल्याचं काही नाही. नळी एकच राहिली." मी म्हटलं, मोठ्या माणसांशी एवढा वाद घालू नये.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा होती. संयोगिता वायरी आणायला कोल्हापूरला गेली होती. तात्यासोंच्या पत्नी पद्मावतीवहिनी विमानाला झेंडूची माळ बांधत होत्या आणि तबक माझ्या हातात होतं. लेथला गंध, वेल्डिंग मशीनला गंध, मग विमानाचा पंखा, चाकं, स्क्रीनची चौकट. पंखाखालच्या नळीवर संयोगितानं आत धूळ जाऊ नये म्हणून लाल कापडाची टोपी चढवली होती, तिला फीत होती.

"टोपी घालून पूजा घेत्यात व्हय?" म्हणत तात्यासोंनी ती काढली. नळीच्या टोकाला ओलं गंध लावलं, हळदकुंकू लावलं, चिमूटभर अक्षता दाबल्या आणि टोपी पुन्हा नीट चढवली.

दसऱ्याला माळावरच्या धावपट्टीवर पाव्हण्यांसाठी मांडव घातला होता. पुण्याहून एक निवृत्त वैमानिक आले होते. विमान उडवायचं नव्हतं, नुसतं जमिनीवर जोरात पळवायचं होतं. मी मांडवातल्या बायकांना सांगत होते, समोरची स्क्रीन आहे ना, ती आमच्या संयोगितानं निवडली.

संयोगितानं नळीची टोपी काढली, विमान धुरळा उडवत गेलं आणि परत आलं. वैमानिक उतरून म्हणाले, "बाकी सगळं ठीक. वेग मात्र शून्यच दाखवतंय."

तात्यासोंचा आवाज मांडवाच्या मागच्या टोकापर्यंत गेला. "नुसता टीव्ही बसीवलाय! सांगत हुतो काटं घे म्हणून. पुस्तकं वाचून विमानं हुत्यात व्हय? वर असता तर माणूस मेला असता!"

"तात्या, आधी नळी बघू द्या मला," संयोगिता म्हणाली.

"हात लावायचा न्हाय विमानाला! जा घरी!"

सगळ्या विमानावर गंधाची बोटं होती. नळीवरच्या एका बोटाकडं कोण बघणार? संयोगिता माझ्याकडं बघत होती. मी पाण्याचा पेला उचलला आणि बायकांच्या मागं जाऊन उभी राहिले. माझ्या पोरीनं चारचौघांत आपली मान खाली घालायला लावली, असं मला वाटलं. दुसरं काही मनात आलं नाही.

पुढचे दिवस मी तिच्या मागं लागले. माफी माग, नोकरी टिकव, लग्नाचं बघायचं आहे, गावात नाव खराब होईल. शेवटी तिला घेऊन कारखान्यात गेले. तात्यासोंनी तोवर पॅनेलचा पत्रा कापून स्क्रीन काढली होती आणि वेगाचा काटा आणून त्याच नळीला जोडला होता.

"तात्या, चुकलं असेल तर माफ करा," ती म्हणाली.

"असेल काय? चुकलं म्हण," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं न बघता तसं म्हटलं. तात्यासो म्हणाले, "बरं. ये उद्यापासनं."

त्यानंतर काट्यासकट विमान पुन्हा पळवलं, हे मला माहीत होतं. संयोगिता त्या दिवशी घरी आली, जेवली, काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. पुन्हा काही बिघडलं असेल, ही धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यासो आमच्या घरी आले. चपला दारातच काढल्या, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. चहाला नको म्हणाले.

"वैनी, काटा बी हालला न्हाय."

मला अर्थ लागेना. "म्हणजे काटाही बिघडला?"

"काटा चांगला हाय. स्क्रीन बी चांगली हुती. पोरीनं नळी सोडवली आन् मागनं तार घातली. म्होरनं काय पडलं ठावं हाय? तांदळाचा दाणा. हळदीत भिजून वाळलेला. त्याच्या मागं कुंकवाचा बोळा." ते आपल्या अनामिकेकडं बघत होते. "टोपी म्या काढली. गंध म्या लावलं. आन् सगळ्या पाव्हण्यांच्या म्होरं बोललो तिला."

पूजेच्या तबकाचं पितळ आठवणीनंच माझ्या हाताला पुन्हा गार लागलं. "मी होते तिथं," एवढंच म्हणता आलं.

"म्या म्हटलं तिला, तूच सांग की घरी. तर म्हणाली, तात्या, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर आईला ती सबब वाटंल."

मला तोंड वर करता येईना. कारण मला तसंच वाटलं असतं.

संयोगिता आत कोथिंबीर निवडत होती. ती तशीच जुडी हातात घेऊन बाहेर आली.

"तात्या, दुसरी नळी?"

"बसीव की."

"काटा आता बसवलाय तर राहू दे. त्याला दुसऱ्या पंखावरनं वारा देऊ. स्क्रीन मध्ये. पत्रा मात्र नवा लागणार."

"म्या कापलाय, म्याच करतो." तात्यासो उठले. "दसऱ्याला जेवढं पावणं हुतं, तेवढं परत बोलीवतो. सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

"सांगा. फक्त ओरडू नका," ती म्हणाली. तात्यासो हसले, पण डोळे वर न करता.

त्यांनी खरंच सगळ्यांना बोलावलं. माळावर तोच मांडव, बहुतेक तीच माणसं. तात्यासो पुढं उभे राहिले आणि बोलू लागले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तात्या, ऐकू येईना की!" आयुष्यात त्यांना हे पहिल्यांदाच कुणी म्हटलं असेल. त्यांनी घसा खाकरला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हाही आवाज फारसा वर गेला नाही.

संयोगितानं दोन्ही नळ्यांच्या लाल टोप्या काढून माझ्या हातात दिल्या. "विमान परत येईपर्यंत कुणाला द्यायच्या नाहीत."

विमान पळालं. रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला: स्क्रीनवर आणि काट्यावर आकडा सारखाच आहे. पद्मावतीवहिनींनी माझा दंड दाबला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ती माझी मुलगी आहे. पण ते तोंडातच राहिलं.

जुन्या टोपीच्या आत हळदीचा पिवळा डाग होता. मी तो नखानं खरवडत उभी होते. निघत नव्हता.

"राहू दे तो," संयोगिता येऊन म्हणाली. "टोप्या दे. दोन होत्या ना?"

मी मूठ उघडली. दोन्ही होत्या.