गाठींचा चौकोन

सोमवारी दुपारी आम्ही दोघांनी वाळलेली चादर घडी केली. आमचं दोघांचं मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.

"तुमचं टोक खाली हाय," ती म्हणाली.

"खाली न्हाई, तूच वर धरलंयस."

"चाळीस वर्सं माग चालवला आन् घडी येत न्हाई."

मी टोक वर घेतलं. ती चालत आली, तिची टोकं माझ्या हातात दिली, खाली लोंबणारी बाजू उचलली. उभ्या उभ्याच विचारलं, "मालकाला सांगणार हुता तुमी. कवा?"

"उद्या."

तीन महिने मी तिला हेच उत्तर देत होतो. ती हसली नाही, रागावलीही नाही, चादर घेऊन आत गेली. मंगळवारी सकाळी भाकरी करता करता छातीला हात लावून खाली बसली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मालकाला काय सांगायचं होतं ते आता लिहितो. त्याशिवाय मला चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं कळत नाही.

मी करकंबचा, चौथी शिकलेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आयुष्य गेलं. आधी माग चालवला, मग बिघडलेले माग दुरुस्त केले, म्हातारपणी देखरेखीला राहिलो. माझी बायको त्याच कारखान्याचं काम घरी करायची. चादर मागावरून कापून आली की दोन्ही टोकांना सुटे दोरे लोंबतात. ते पिळून त्यांना गाठी मारायच्या. गल्लीतल्या सात-आठ बायका हेच करायच्या. सायकलवर गठ्ठे मीच आणायचो, मीच न्यायचो.

गेल्या वर्षी जुने मालक अंथरुणाला खिळले आणि कारभार मुलाकडं आला. त्याला ऑफिस माहीत होतं, शेड माहीत नव्हती. त्यानं ठरवलं, सगळा कारखाना कॉम्प्युटरवर घ्यायचा. पुण्याहून एक बाई आली, तिशीची असेल. नवा मालक तिला म्हणाला, "इथली खडानखडा माहिती ह्यांना आहे. ह्यांनाच विचारा."

आठ दिवस ती माझ्यासमोर बसून लिहीत होती. सूत कुठं उतरतं, रंग कुठं होतो, उभ्या दोऱ्यांचा रूळ, म्हणजे बीम, कोण भरतं, मग माग, कापणी, लेबल, प्रेस, पॅकिंग. एवढं माझं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिनं कागदावर चौकोन काढले, पायऱ्यांसारखे, आणि वरून खाली बाण.

"काका, आमचं कामही असंच चालतं," ती म्हणाली. "तुम्हाला काय पाहिजे ते सगळं आधी लिहायचं, त्यावर सही घ्यायची. मग आराखडा, मग प्रोग्राम, मग तपासणी. सगळ्यात शेवटी तुमच्या हातात. ह्याला वॉटरफॉल म्हणतात, धबधबा. पाणी एकदा खाली आलं की वर जात नाही."

मला पटलं. "बरोबर हाय की. बीम मागावर चढल्यावर उभा रंग कुटं बदलता येतोय? आधीच ठरवाय पायजे."

"म्हणूनच विचारते. काही राहिलं का?"

राहिलं होतं. कापणी आणि लेबल यांच्यामध्ये चादरी घरोघरी जातात. मी विसरलो नव्हतो, जिभेवर होतं. पण एवढी शिकलेली बाई मला काका काका करत होती, मालक शेजारी उभा होता. त्यांच्यापुढं म्हणायचं की माझी बायको फरशीवर बसून गाठी मारते आणि तिचा गठ्ठा मी सायकलवर वाहतो? मला लाज वाटली. "काय न्हाई राहिलं," म्हणालो आणि शेवटच्या पानावर सावकाश सही केली.

त्या सगळ्या कागदांची वही बांधली, तिची एक प्रत मला मिळाली. बायकोनं ती उलटीसुलटी करून बघितली. तिला वाचता येत नव्हतं.

"आमचं लिव्हलंय का ह्यात?"

"तुमचं काय लिव्हायचं? गाठी माराय कॉम्प्युटर लागतोय व्हय?"

"गाठ न्हाई मारली तर उसवंल की चादर. तुमचा कॉम्प्युटर बसणार हाय का टोक धरून?"

मी हसलो. तिनं ती वही देवाच्या फळीवर ठेवली. नवऱ्याची सही होती ना त्यात.

मग सात-आठ महिने कुणी आलं नाही, काही दाखवलं नाही. एके दिवशी सगळं तयार होऊनच आलं. पहिल्या आठवड्यातच घोळ. कापलेल्या चादरी आणि लेबलाला आलेल्या चादरी जुळेनात. मधले दोन-चार दिवस चादरी घरी असायच्या, आणि कॉम्प्युटरात घर नव्हतंच. रोज संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरात यायचं, गहाळ.

मी नव्या मालकाला म्हणालो, "गठ्ठे बायकांकडं गाठी माराय जात्यात."

"मग हे वहीत का नाही?"

"त्या बाईनं लिव्हलं नसंल," मी म्हणालो.

असं मी म्हणालो. दुसऱ्याच्या पोरीवर ढकलून मोकळा झालो.

त्यानं वॉचमनला घरोघरी माल मोजायला पाठवलं. आमच्याकडंही आला. बायकोनं त्याला पाणी दिलं. त्यानं चादरी मोजल्या. अठरा. अठराच पाहिजे होत्या. तरी त्यानं परत एकदा मोजल्या. ती दारात उभी राहून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "म्या कवा त्यांचा एक दोरा तरी ठिवून घेतला का?"

गठ्ठे बंद झाले. गाठी मारायच्या तर शेडमध्ये येऊन मारा, म्हणाले. हिचे गुडघे, ही कुठं जाणार? घरी बसून पदराची टोकं पिळायची. हाताला सवय ना.

मी पुण्याच्या बाईला फोन लावला. "मॅडम, मधी एक चौकोन घाला की."

"काका, तो टप्पा कधीच संपला. आता घालायचं म्हणजे परत पहिल्या पायरीपासून सगळं. मालकांनी लेखी दिलं तर करू." आणि लगेच म्हणाली, "पण मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

विचारलं होतं.

आता मालकाला सांगायचं म्हणजे मीच लपवलं हे सांगावं लागणार. बायकोला वाटत होतं की चूक पुण्याच्या बाईची आहे आणि माझा नवरा ती दुरुस्त करायला सांगणार आहे. मी तिचा तो समज तसाच राहू दिला. खरं तिला कधीच सांगितलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिला अग्नी दिला. बुधवारी सकाळी उठलो आणि देवाच्या फळीवरून वही काढली. सुतकात देवाच्या फळीला शिवत नाहीत. मी शिवलो.

"अग्नी दिल्याला माणूस उंबरा वलांडत न्हाई, भावजी," वहिनी म्हणाल्या.

बार्शीहून आलेली मुलगी आडवी आली. "बाबा, कुटं निघालाव?"

"कारखान्यात."

"आज?"

"आजच. उद्या उद्या लई झालं."

सायकल काढली. कारखान्यात पोचलो तर ऑफिस उघडायचं होतं. गेटबाहेर फेऱ्या मारत राहिलो. घरी चादरी मोजायला आलेल्या त्याच वॉचमननं खुर्ची आणली, मी बसलो नाही. नवा मालक आला. मला बघून उभाच राहिला. मी त्याच्या टेबलावर वही उघडली, कापणीच्या आणि लेबलाच्या चौकोनांच्या मधे पेननं एक चौकोन काढला. वाकडा आला. त्यात लिहिलं, 'चादरी घरी जातात. बायका गाठी मारतात.' खाली सही केली.

"हे मला ठाऊक हुतं. लाज वाटली म्हणून म्या सांगितलं न्हाई," मी म्हणालो. "त्या पोरीची चूक न्हाई. बायकांची तर न्हाईच न्हाई."

त्यानं वही स्वतःकडं वळवून वाचलं. "हे आज सांगताय?"

"व्हय. परवा सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं."

"परत पहिल्यापासून करावं लागेल सगळं."

"करा. परत आठ दिस बसतो म्या सांगाय."

त्यानं फोन उचलला आणि पुण्याला लावला. मी वही घेऊन गेटवर आलो, वॉचमनपुढं धरली आणि म्हणालो, "वाच."

त्यानं वाचलं.

"परत वाच. मोठ्यानं."

त्यानं परत वाचलं. मग मी सायकल वळवली.