मागच्या दाराचं कुलूप

आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर होते. शहापूर पेठेतल्या एका बोळात, पूर्वी जिथं माग चालायचे त्या दुमजली इमारतीत, खानापूर आणि निपाणीकडच्या खेड्यांतल्या चाळीसेक मुली शिकायला राहायच्या. संस्था चालवणारे आप्पा निवृत्त शिक्षक. एका सकाळी त्यांनी मला खडेबाजारातल्या ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बेंगळुरूहून एक बाई येणार हायत. वसतिगृहं तपासायची हेच त्यांचं काम. आपलं काय चुकतंय ते सांगतील."

"काय चुकतंय, आप्पा?"

"ते आपल्याला कळलं असतं तर त्यांना कशाला बोलावलं असतं?"

ते हसले. मला हसू आलं नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. नवरा गेल्यावर आप्पांनीच मला कामावर ठेवलं. मुलींबरोबरच राहायचं, जेवायचं. नोकरी गेली तर मला दुसरं घर नव्हतं. ही शिकलेली बाई काहीतरी लिहून देणार आणि माझ्या जागी कुणी पदवीवाली येणार, हे मी मनात पक्कं धरलं. आठवडाभर जिने पुसले, चादरी धुऊन घेतल्या, मुलींना दम दिला, "बाईंनी काय विचारलं तर सगळं चांगलं हाय म्हणायचं."

बाई आल्या. त्यांची भाषा कन्नड, मराठी बोलताना अडखळायच्या. चादरींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गॅसची नळी चाचपली, खिडक्यांचे गज हलवून बघितले. मग व्हरांड्याच्या टोकाला बसून एकेका मुलीशी बोलल्या. मला लांबून ओठ हललेले दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

शेवटी त्या जिन्याखालच्या मागच्या दारापाशी थांबल्या.

"इथं कुलूप का?"

"चोराचं भ्या असतंय, बाई."

ते खोटं होतं. चार वर्षांपूर्वी भर दुपारी एक माणूस त्या दारानं आत शिरला होता. आजारी म्हणून शाळेला न गेलेली सातवीतली मुलगी खाली एकटीच होती. तिनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं, मी धावत आले, तो पळाला. तिला त्यानं हात लावला नव्हता. पण गावाकडं कळलं तर आईबाप पोरींना घेऊन जातील, वसतिगृह बंद पडेल, या भीतीनं मी तिला कुणाला सांगू नको म्हटलं. आप्पांनाही मी काही सांगितलं नाही. दाराला कुलूप घातलं, एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर अचानक घंटा घणाणली. बाई पुढच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "इथं आग आहे समजा! सगळ्यांनी मागून बाहेर!"

मुली जिन्यावरून धडाधड खाली आल्या आणि बंद दारावर आदळल्या. मागच्यांचा लोंढा पुढच्यांवर आला. मी कमरेला हात लावला. किल्ली नव्हती. सकाळी बदललेल्या साडीला राहिली होती. मी खोलीकडं पळाले, परत आले, पण कुलपाचं भोक हाताला सापडेना. दाराला चेपलेली एक लहान पोर रडत होती, "आक्का, दम लागायलाय! आक्का, उघडा की!"

बाईंनी ओरडून मुलींना थांबवलं, मागं सरकवलं. तेव्हा कुलूप निघालं. अंगणात मोजल्या तर एक कमी. ती वर न्हाणीघरात होती. केस पुसत खाली आली आणि म्हणाली, "मी न्हात हुतो आक्का. घंटा ऐकूच आली न्हाय."

आग नव्हती. मी पायरीवर बसले आणि बाईंनी पाणी दिलं तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली.

"बाहेरून उघडत नाही, आतून ढकललं की उघडतं, असं दार करता येतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीशी नंतर कुणी बोललं?"

"न्हाय, बाई. मी पण न्हाय."

"हे मला अहवालात लिहावं लागेल, आक्का. पण कागद जायच्या आधी तुम्ही स्वतः आप्पांना सांगा."

खडेबाजारापर्यंत मी चालत गेले. दोनदा परत फिरावंसं वाटलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला. "चार वर्षं?" एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी मला काढलं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यातून तसं नवं लोखंडी दार करून आणलं. माझ्यावर एक शिकलेली रेक्टर आली, मी तिच्या हाताखाली राहिले. बाई वर्षभर महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिल्या. पहिल्याच फेरीला त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही निपाणीजवळच्या गावी त्या मुलीच्या घरी गेलो. ती आता कॉलेजात होती. मी तिची माफी मागितली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आक्का, मला वाटलं हुतं, माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मला गप बसवलासा."

आत तिची आई चहा टाकत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि आईला हाक मारली.